मालिकेवरून ॲनिमेशन चित्रपट: काय सोबत न्यायचं आणि काय नव्याने करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलांची एक २डी कट-आउट मालिका आहे, म्हणजे पात्रांचे सपाट तुकडे हलवून केलेली. भाग ११ मिनिटांचे, दोन सीझन झालेत, पात्रं मुलांना तोंडपाठ आहेत. आता त्याच पात्रांचा ८० मिनिटांचा चित्रपट करायचा आहे. रिग (पात्राचा हलवता येणारा डिजिटल सांगाडा), बॅकग्राउंड, आवाज देणारे कलाकार सगळं हाताशी आहे. मग काम किती वाचेल, आणि सुरुवात कुठून करायची?

मालिकेच्या फाइलींमुळे फारसं काही वाचणार नाही. ही गोष्ट आधीच मान्य करून बजेट मांडा, नाहीतर अर्ध्या वाटेवर पैसे संपतात. मालिकेने कमावलेली खरी गोष्ट सर्व्हरवर नसतेच. तुमचं पात्र दार कसं ढकलतं, घाबरलं की कोणाच्या मागे लपतं, खोटं बोलताना कुठे बघतं, हे पाच वर्षांचं मूल न अडखळता सांगतं. ती ओळख चित्रपटात जशीच्या तशी यायला हवी. बाकी जवळजवळ सगळं नव्याने करायचं आहे.

एक कोरडं काम मात्र सगळ्यात आधी उरका: करार वाचा. मालिकेवरून चित्रगृहासाठी चित्रपट करण्याचा हक्क निर्मात्याकडे आहे की चॅनलकडे, शीर्षकगीताच्या चालीचे हक्क कोणाचे, आवाज देणाऱ्यांचा करार फक्त टीव्हीपुरता आहे का, हे वकिलाकडून लेखी घ्या. पटकथा तयार झाल्यावर यातला एखादा धागा अडकला, तर समोरचा म्हणेल ती किंमत मोजावी लागते.

आता कथा. मालिकेच्या भागात शेवटी सगळं जिथल्या तिथे परत येतं. यायलाच हवं, कारण भाग कुठल्याही क्रमाने दाखवले जातात. म्हणून मालिकेचे लेखक पात्राला न बदलता गोष्ट पुरी करण्यात तरबेज होतात. नेमकी हीच सवय चित्रपटात नडते. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे एका प्रवासाच्या दोरीत चार-पाच भाग ओवणं: आधी जंगल, मग नदी, मग गुहा, मग किल्ला. प्रत्येक ठिकाणी एक अडचण येते आणि तिथेच सुटते. अडचण सुटली की मुलाच्या दृष्टीने गोष्ट संपली. ते खुर्चीवरून उतरतं, पाणी मागतं. असं ८० मिनिटांत चार वेळा झालं, तर पाचव्या वेळी ते परत येऊन बसत नाही.

याची तपासणी सोपी आहे. ८० मिनिटांच्या चित्रपटात साधारण २५ ते ३० सीक्वेन्स, म्हणजे सलग प्रसंग, बसतात. प्रत्येक सीक्वेन्स एका कार्डावर लिहा आणि कार्डं भिंतीवर लावा. मग मधलं कुठलंही एक कार्ड काढून पाहा. पुढच्या कार्डांपैकी एकही अडत नसेल, तर तो सीक्वेन्स म्हणजे मालिकेचा भागच आहे. असे तीनपेक्षा जास्त निघाले तर स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटवार रेखाचित्रं, सुरू करू नका.

बदल घडवायचा, पण ओळख मोडायची नाही, हा तोल कठीण असतो. १९७९ला सुरू झालेल्या ‘डोरेमॉन’ मालिकेवरचा पहिला चित्रपट १९८०मध्ये आला. मालिकेत दांडगाई करणारा जियान चित्रपटांमध्ये संकट आलं की मित्रांसाठी पुढे उभा राहतो. तरी आवाज तसाच मोठा, राग तसाच नाकावर. त्याचा स्वभाव बदललेला नसतो, त्याच स्वभावाची मालिकेत न दिसलेली बाजू मोठ्या संकटामुळे बाहेर येते. तुमच्या प्रत्येक मुख्य पात्राबद्दल हाच प्रश्न विचारा: ११ मिनिटांत ज्याची गरजच पडली नाही, असं याच्यात काय आहे?

मालिकेचे न लिहिलेले नियमही पाळा. ‘शॉन द शीप’ ही २००७ची मालिका सात-सात मिनिटांची आणि संवादाशिवायची होती. २०१५मध्ये त्यावर आलेला चित्रपटही संवादाशिवायच केला गेला. लांबी वाढली म्हणून पात्रांच्या तोंडी शब्द घातले असते, तर मुलांना ती मेंढरं परकी वाटली असती. तुमच्या मालिकेत मोठी माणसं दिसत नसतील, प्राणी फक्त एकमेकांशी बोलत असतील, तर चित्रपटात तो नियम मोडण्याआधी दहादा विचार करा.

पालुपदाचंही भान ठेवा, म्हणजे पात्र दर भागात म्हणतं ते ठरलेलं वाक्य. मालिकेत ते भागाला एकदा येतं. त्याच हिशेबाने चित्रपटात सात वेळा आलं तर कान किटतात. दोनदा पुरे: एकदा सुरुवातीला नेहमीसारखं, आणि एकदा अशा जागी की ते म्हणायला त्या पात्राला धीर लागेल. थिएटरभर मुलं ते वाक्य एकत्र म्हणतात ते या दुसऱ्या वेळी, आणि त्यानंतर दीड-दोन सेकंद मोकळे सोडलेले नसले तर पुढचा संवाद त्या गलक्यात बुडतो.

वय चार ते सात असेल तर भीतीचं मोजमाप ठेवा. भीतिदायक प्रसंग सलग दीड मिनिटाच्या पुढे गेला की लहान मूल कथेतून बाहेर पडतं आणि आईच्या कुशीत शिरतं. त्याला परत आणणं अवघड असतं. प्रसंग काढू नका, त्यात ओळखीचा सोबती फ्रेममध्ये ठेवा. मुख्य पात्र पूर्ण एकटं पडणं ही मोठी घटना आहे. ती चित्रपटात एकदाच वापरा.

पटकथा झाली की खरा चित्रपट ॲनिमॅटिकमध्ये, म्हणजे बोर्डच्या चित्रांच्या कच्च्या चित्रपटात, बनतो. मालिकेत स्टोरीबोर्ड एकदा होतो, एक दुरुस्ती होते आणि काम पुढे जातं. चित्रपटात तीन ते पाच पूर्ण फेऱ्या धरा. बोर्डची चित्रं, कामचलाऊ आवाज आणि तात्पुरतं संगीत जोडून पूर्ण ८० मिनिटं सलग पाहा. संगणकावर तुकड्या-तुकड्याने नको. अंधाऱ्या खोलीत, मोठ्या पडद्यावर, मध्ये न थांबता. तुकड्यांत पाहिलं की प्रत्येक सीक्वेन्स छान वाटतो आणि मधला रटाळपणा लक्षात येत नाही.

दुसऱ्या फेरीनंतर १५-२० मुलांना बोलवा. त्यातली निम्मी तरी मालिका न पाहिलेली असू देत. एक माणूस पडद्याच्या बाजूला, मुलांकडे तोंड करून बसवा. त्याने चित्रपटाकडे बघायचंच नाही. त्याच्या हातात फक्त वेळेचा कागद: ३४ मिनिटं १० सेकंदांना चार मुलांनी मान वळवली, ३४:४० ला दोघं बोलायला लागली, ३६:०५ ला सगळी पुन्हा गप्प. चूक बहुतेकदा मान वळली त्या क्षणाला नसते. तिथून मिनिट-दोन मिनिटं मागे जाऊन पाहा. पात्राला काय हवंय हे तिथे धूसर झालेलं असतं, किंवा एखादी गोष्ट मोठ्या माणसाने संवादातून समजावून सांगितलेली असते. खेळ संपल्यावर मुलांना “आवडलं का?” हे विचारू नका, ती हो म्हणतात. दुसऱ्या दिवशी पालकांकरवी त्यांना गोष्ट सांगायला लावा. ज्या सीक्वेन्सचा कोणीच उल्लेख करत नाही, तो गेला तरी चालतो.

चित्राकडे येऊ. मालिका १९२० × १०८० मध्ये, म्हणजे १६:९ मध्ये बनलेली असते. चित्रगृहासाठी २के मध्ये, म्हणजे सुमारे दोन हजार पिक्सेल रुंदीत, दोन मुख्य आकार आहेत: १.८५:१, म्हणजे १९९८ × १०८०, आणि २.३९:१, म्हणजे २०४८ × ८५८. मुलांच्या मालिकेवरच्या चित्रपटाला पहिला घ्या असं माझं मत आहे. मालिकेची पात्रं बहुधा डोकं मोठं, अंग छोटं अशा उभ्या ठेवणीची असतात. २.३९ च्या पट्टीत ती एकतर कापली जातात, नाहीतर दोन्ही बाजूंना रिकामी जागा उरते आणि ती भरायला बॅकग्राउंडचं काम वाढतं.

मालिकेची दृश्यरचना छोट्या पडद्यासाठी केलेली असते, म्हणून तिच्यात क्लोजअप फार असतात. मोठ्या पडद्यावर तसाच क्लोजअप लावला तर चेहरा घराएवढा होतो आणि पुढच्या रांगेतल्या मुलाला तोंड पाहावं की डोळे ते कळत नाही. क्लोजअप कमी करा, कमरेपर्यंतचे आणि पूर्ण आकृतीचे शॉट वाढवा. कट करताना नजर कुठे आहे हेही सांभाळा. पहिल्या शॉटमध्ये पात्र डाव्या कडेला आणि पुढच्यात उजव्या कडेला असेल, तर फोनवर काही बिघडत नाही. १० मीटर रुंद पडद्यावर मात्र डोळ्यांना तेवढी धाव घ्यावी लागते, आणि त्या धावेत अर्धा सेकंद वाया जातो. शॉट दोन सेकंदांचा असेल तर मुलाने तो पाव हिस्सा पाहिलाच नाही.

कॅमेरा पॅन, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवणं, ही मालिकेतून आलेल्या टीमची हमखास फसण्याची जागा. सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाला, मोठ्या पडद्यावर, एखादी वस्तू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण ७ सेकंद लागायला हवेत. ७ सेकंद म्हणजे १६८ फ्रेम, म्हणजे १९९८ पिक्सेलच्या फ्रेममध्ये दर फ्रेमला सुमारे १२ पिक्सेल. पॅन याहून बराच वेगवान झाला की झाडांचे बुंधे, कुंपण, खांब अशा उभ्या रेषा थडथडतात आणि दुहेरी दिसतात. उपाय दोन: वेग कमी करा, किंवा कॅमेरा पात्राच्या मागेच न्या, म्हणजे नजर पात्रावर स्थिर राहते आणि मागचं बॅकग्राउंड धूसर करता येतं.

यात आणखी एक खोच आहे. मालिकेचं ॲनिमेशन दोन-दोन फ्रेमवर असतं, म्हणजे एक पोझ दोन फ्रेम टिकते. कॅमेरा मात्र दर फ्रेमला सरकतो. मग चालणारं पात्र एका फ्रेमला पडद्यावर १२ पिक्सेल मागे पडतं आणि पुढच्या फ्रेमला उडी मारून जागेवर येतं. छोट्या पडद्यावर हे खपतं, मोठ्यावर पात्र थरथरताना दिसतं. कमरेपर्यंतच्या शॉटमध्ये पात्राचं सरकणं कॅमेऱ्याला बांधून दर फ्रेमवर ठेवा आणि हातवारे, चेहरा दोन-दोनवर राहू द्या. पाय दिसत असतील तर ही युक्ती चालत नाही, पावलं जमिनीवर घसरतात. तिथे सगळंच दर फ्रेमवर करावं लागतं.

आता रिग, ज्यावर सगळ्यांची आशा असते. १० मीटरच्या पडद्यावर १९९८ पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल साधारण ५ मिलिमीटरचा. कट-आउट हातात दंड आणि पुढचा हात असे दोन तुकडे असतात आणि कोपराची रेषा झाकायला वर एक गोल ठिगळ असतं. हात काटकोनापेक्षा जास्त वाकला की कोपराच्या आतल्या बाजूला ठिगळ कमी पडतं आणि ३ पिक्सेलची फट दिसते. टीव्हीवर ती कोणी पाहिलेली नसते. चित्रगृहात ती दीड सेंटिमीटरची होते, आणि प्रत्येक वाकणाऱ्या हाताला, पूर्ण चित्रपटभर. खांदा, गुडघा, मान यांचं तसंच. ॲनिमेटरला प्रत्येक शॉटमध्ये हाताने ठिगळं लावायला सांगण्यापेक्षा सांधे वाकवणारे डिफॉर्मर घालून रिग नव्याने बांधणं स्वस्त पडतं.

चेहऱ्याचंही नव्याने करा. मालिकेच्या रिगमध्ये तोंडाचे ८-१० आकार असतात आणि तेच हसताना, रडताना, ओरडताना वापरले जातात. चित्रपटात हसऱ्या आणि खिन्न चेहऱ्यासाठी वेगळे संच लागतात, कारण ‘आ’ म्हणताना दुःखी माणसाच्या ओठांच्या कडा खाली असतात. हातांची १२ चित्रं असतील तर ३०च्या आसपास न्या. डोळ्यांच्या पापण्या बुबुळापासून वेगळ्या हलायला हव्यात. ऐकणाऱ्या पात्राचा जिवंतपणा तिथेच दिसतो. प्रत्येक मुख्य पात्राला मालिकेत समोरून, पाऊण आणि बाजूने एवढेच कोन असतील, तर पाठमोरा आणि मागून पाऊण हे दोन वाढवा. ते नसले की लेआउट करणारा, म्हणजे शॉटमधली मांडणी ठरवणारा, सगळ्यांना प्रेक्षकांसमोर ओळीने उभं करतो आणि दृश्य नाटकासारखं सपाट होतं.

नवा रिग तयार झाला की जुन्या आणि नव्या पात्राच्या काळ्या छाया शेजारी ठेवा. उंची डोक्यांच्या मापात तीच आहे ना, केसांचा तुरा तेवढाच वर आहे ना, उभं राहण्याची ढब तीच आहे ना? मग नव्या रिगवर जुनी चाल करून मुलांना दाखवा. “हा तो नाही” असं एकाही मुलाने म्हटलं, तर बारीक सावल्या आणि कापडाचा पोत यांत न गुंतता आधी प्रमाण तपासा. चूक बहुतेक वेळा डोळ्यांमधल्या अंतरात असते.

बॅकग्राउंड शेवटी २के मध्ये जायची असली तरी दुप्पट आकारात रंगवा, कारण कॅमेरा आत जाताना १९२० पिक्सेलची चित्रं पिठूळ दिसतात. आणि सगळं काम १६-बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटा टिकवणाऱ्या फाइलींत, ठेवा. संध्याकाळचं आभाळ ८-बिटमध्ये रंगवलं की मोठ्या पडद्यावर रंगांच्या पायऱ्या दिसतात. रेंडरनंतर, म्हणजे अंतिम फ्रेम तयार झाल्यावर, त्या घालवणं जवळजवळ अशक्य असतं. टीव्हीच्या मॉनिटरवर पांढरा साधारण १०० निट्सवर (निट हे उजेडाचं माप) तपासतात, चित्रगृहाच्या पडद्यावर तो ४८ निट्सचा असतो. म्हणून मालिकेतली रात्रीची निळी दृश्यं तशीच नेली तर काळोखात पात्रच सापडत नाही. रंगांची अंतिम तपासणी प्रोजेक्टर असलेल्या खोलीतच करा.

वेळेचा हिशेब असा. ८० मिनिटं म्हणजे ४,८०० सेकंद, २४च्या वेगाने १,१५,२०० फ्रेम. सरासरी साडेतीन सेकंदांचा शॉट धरला तर सुमारे १,३७० शॉट. कट-आउट मालिकेत एक ॲनिमेटर आठवड्याला २५ सेकंद देत असेल, तर वरच्या दर्जाला तोच ६ सेकंद देईल असं धरून चाला. ४,८०० भागिले ६ म्हणजे ८०० आठवडे. २० ॲनिमेटर असतील तर ४०, आणि रिटेकसाठी २० टक्के धरून ४८ आठवडे. हे फक्त ॲनिमेशन. त्याआधी कथा आणि बोर्डला वर्षभर, नंतर कॉम्पोझिटिंग (चित्राचे थर एकत्र जोडणं) आणि ध्वनीला चार-सहा महिने, यातलं काही काम समांतर चालतं. हा आकडा माझा अंदाज म्हणून घ्या आणि तुमचा स्वतःचा काढा. फार सोपा नाही, फार अवघड नाही असा ६० ते ९० सेकंदांचा एक सीक्वेन्स रंग-ध्वनीसकट पूर्ण करा आणि प्रत्येक टप्प्याला लागलेले तास लिहून ठेवा. ही चाचणी न करता मांडलेलं वेळापत्रक मालिकेच्या सवयीवर बेतलेलं असतं आणि निम्म्यावर कोलमडतं.

शॉटना अवघड, मध्यम, सोपा अशी श्रेणी बोर्डवरूनच द्या. पाचपेक्षा जास्त पात्रं, पाणी, एकमेकांना मिठी मारणं, वस्तू हातातून हातात देणं हे सगळं अवघड. मिठी विशेषतः, कारण कट-आउटमध्ये एकाचा हात दुसऱ्याच्या पुढे आणि अंग मागे, असे थर शॉटच्या मध्येच बदलावे लागतात. क्रमांक दहाच्या पटीत द्या: सीक्वेन्स ०४०, शॉट ०१३०. मध्ये नवा शॉट आला तर ०१३५ देता येतो आणि पुढच्या फाइलींची नावं बदलावी लागत नाहीत.

साठवणुकीचंही आधी पाहा. १९९८ × १०८० ची चार चॅनलची (तीन रंग आणि पारदर्शकता) १६-बिट फ्रेम न दाबता सुमारे १७ एमबी होते, म्हणजे पूर्ण चित्रपटाचा एक थर जवळजवळ २ टीबी. थर आणि आवृत्त्या धरून त्याच्या दहापट जागा ठेवा. एका फ्रेमच्या रेंडरला २० मिनिटं लागत असतील तर ३८,४०० तास, ४० मशीनवर अखंड ४० दिवस.

मालिका सेकंदाला २५ फ्रेमची असेल तर पहिल्या दिवसापासून नवं काम २४ वर उघडा. जुन्या फाइली रूपांतरित करून आणू नका, ओठ आणि पावलं दोन्ही सरकतात. पुढे टीव्हीसाठी २५ची प्रत करताना चित्रपट ४ टक्के वेगवान होतो आणि आवाज साधारण पाऊण अर्धस्वर चढतो; तो उतरवून घ्यायला विसरू नका.

आवाजात मोठा धोका बालकलाकारांचा. चित्रपट दोन-अडीच वर्षं चालतो आणि तेवढ्यात बारा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटतो. ॲनिमॅटिक पक्कं होताच त्याचे सगळे संवाद अंतिम दर्जात रेकॉर्ड करा, प्रत्येक ओळ दोन-तीन भावांत, शिवाय हुंकार, धापा, हसणं, किंचाळणं वेगळं. मालिकेत सगळे वरच्या पट्टीत बोलतात, कारण घरात टीव्हीला गोंगाटाशी झगडावं लागतं. चित्रगृहात तीच पट्टी ८० मिनिटं ऐकणं छळ होतो. कलाकारांना कुजबुजायला शिकवा. मिक्सिंग चित्रगृहाएवढ्या, ८५ डेसिबलला कॅलिब्रेट केलेल्या खोलीत ५.१ मध्ये, म्हणजे सहा वाहिन्यांच्या आवाजात, करा. टीव्हीसाठी -२३ एलयूएफएसला (आवाजाच्या जाणवणाऱ्या पातळीचं माप) बसवलेलं मिक्स तिथे लावलं की शांत जागाच उरत नाही.

लुकलुकणाऱ्या उजेडाबद्दल हयगय नको. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागातल्या लाल-निळ्या झगमगाटाने सुमारे ६८५ जणांना, त्यात बहुतेक मुलं, रुग्णालयात न्यावं लागलं. चित्रगृहात अंधार असतो आणि पडदा नजर व्यापून टाकतो. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झपके कुठेही ठेवू नका. वीज, स्फोट, जादू हे सगळे शॉट वेगळे काढून तपासा.

शेवटची प्रत डीसीपी, म्हणजे चित्रगृहाच्या प्रोजेक्टरवर चालणारी डिजिटल प्रत. सेकंदाला २५० मेगाबिटच्या कमाल दराने ८० मिनिटांचं चित्र १५० जीबीच्या आसपास जातं. सोबत मजकूर नसलेली प्रत आणि संवाद वगळून संगीत-परिणामांचा ट्रॅक आत्ताच काढून ठेवा, डबिंगच्या वेळी नव्याने काढायला कोणी जागेवर नसतं. डीसीपी खऱ्या चित्रगृहात सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून दोनदा पाहा: एकदा मागून, आवाजासाठी, आणि एकदा पहिल्या रांगेत बसून, खुर्चीत थोडं खाली सरकून, म्हणजे डोळे सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीवर येतात.